इंजिनाची साक्ष : मिनी कूपर ‘एस’ आणि मॉन्टे कार्लोची रॅली

अस्सल कागद कोणता आणि नक्कल कोणती, हा प्रश्न महाराष्ट्रात इतिहासाची गोडी असलेल्या माणसाला नवा नाही. कागद, शाई, अक्षराचे वळण, मायना, शिक्का या सर्वांची साक्ष काढल्यावाचून आपल्याकडे एखादे जुने पत्र खरे मानीत नाहीत. हीच चिकित्सा लोखंडाच्या एका ओतीव ठोकळ्यावरही करावी लागते, असे सांगितले तर काहींना नवल वाटेल. पण मोटारगाडीलाही आता इतिहास आहे. तिच्या पराक्रमांच्या नोंदी आहेत, त्या नोंदींवर हक्क सांगणारे वारस आहेत आणि वारस आले म्हणजे तोतयेही आलेच. आज आम्ही ज्या गाडीविषयी सांगणार आहोत ती आकाराने इवलीशी. परंतु तिच्या इंजिनाची ओळख पटविणे हे मोठमोठ्या गाड्यांपेक्षा अवघड होऊन बसले आहे. ते तसे का झाले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

इंग्लंडातल्या ऑस्टिन कंपनीने १९५१ साली ‘ए-३०’ नावाची लहान गाडी काढली. तिच्यासाठी बनविलेले चार सिलिंडरांचे इंजिन ८०३ सी.सी.चे होते. त्याला पुढे ‘ए-सिरीज’ असे नाव पडले. ऑस्टिन आणि मॉरिस या दोन कंपन्या १९५२ साली एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, म्हणजे बी.एम.सी., ही संस्था झाली, आणि हे इंजिन तिच्या लहान गाड्यांचा आधार बनले. १९५६ साली ते ९४८ सी.सी.चे झाले. पुढे अलेक इसिगोनिस यांनी ‘मिनी’ आखली तेव्हा त्यांनी हेच इंजिन आडवे बसविले, गिअरबॉक्स त्याच्या पोटात, तेलाच्या टाकीत घातला आणि पुढची चाके फिरविली. ९४८ सी.सी.ने ती एवढीशी गाडी फारच वेगाने पळू लागली, म्हणून पिस्टनची चाल कमी करून इंजिन ८४८ सी.सी.वर आणले गेले. २६ ऑगस्ट १९५९ रोजी मिनी लोकांपुढे आली. जी गाडी जास्त पळते म्हणून तिचे इंजिन मुद्दाम लहान केले, त्याच गाडीचे इंजिन मोठे करण्यात पुढची पाच वर्षे खर्ची पडली, ही त्यातली गंमत.

येथे दोन शब्दांचा अर्थ स्पष्ट केला पाहिजे, कारण पुढचा सारा विषय त्यांवरच उभा आहे. सायकलला हवा भरण्याचा पंप सर्वांनी पाहिला आहे. त्या नळीचा आतला व्यास म्हणजे बोअर, आणि दांडा खालून वरपर्यंत जितका सरकतो तितकी चाल म्हणजे स्ट्रोक. दोन्ही ठाऊक असले की एका नळीत किती हवा मावते ते शाळेतल्या गणिताने काढता येते. त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणले की इंजिनाचे सी.सी. येतात. आकडा मोठा करण्याचे मार्ग दोनच : नळी रुंद करणे किंवा चाल लांबविणे. चाल ठरते क्रँकवर, म्हणजे पिस्टनला खालीवर करणाऱ्या वळणदार पोलादी दांड्यावर. नळी रुंद करणे हे कोणाही चांगल्या मिस्त्रीच्या हातचे काम आहे. चाल बदलायची तर क्रँकच दुसरा हवा.

जॉन कूपर हे शर्यतीच्या गाड्या बांधणारे. त्यांच्या कारखान्याच्या गाड्यांनी १९५९ आणि १९६० अशी लागोपाठ दोन वर्षे ग्रां प्रीचे जागतिक विजेतेपद मिळविले होते. त्यांच्या आग्रहावरून १९६१ साली ‘मिनी कूपर’ निघाली : ९९७ सी.सी., ५५ अश्वशक्ती. बोअर ६२.४ मिलिमीटर आणि स्ट्रोक ८१.३ मिलिमीटर, म्हणजे अरुंद नळी आणि लांब चाल. स्टर्लिंग मॉस यांची बहीण पॅट मॉस हिने १९६२ साली हॉलंडची ट्युलिप रॅली या गाडीवर जिंकली. तेव्हा या खेळण्यात काही तथ्य आहे हे लोकांना पटले.

यापुढे इंजिनाची सूत्रे अभियंत्यापेक्षा नियमपुस्तकाच्या हाती गेली असे आमचे मत आहे. रॅली म्हणजे बंदिस्त धावपट्टीवरची शर्यत नव्हे. सार्वजनिक रस्त्यांवरून, घाटांतून, बर्फातून, ठरलेल्या ठाण्यांवर ठरलेल्या वेळी हजेरी लावीत जावयाचे, आणि मधल्या काही टप्प्यांवर घड्याळ लावून वेग मोजावयाचा, असा तो प्रकार. लहानमोठ्या गाड्यांना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे, म्हणून इंजिनाच्या आकारमानाप्रमाणे गट पाडीत. १००० सी.सी.च्या आतले, १३०० सी.सी.च्या आतले, असे. शिवाय गाडी खरोखर विकली जाणारी असावी, शर्यतीपुरती घडविलेली नसावी, म्हणून ठराविक संख्येने ती बनविल्याचे प्रमाण द्यावे लागे. त्या काळी सुधारलेल्या टूरिंग गाड्यांसाठी ही संख्या १,००० होती. कारखान्याने बोअर, स्ट्रोक, मापे आणि छायाचित्रे यांसह भरलेला तक्ता आंतरराष्ट्रीय संस्थेने मान्य केला म्हणजे गाडीला मान्यतापत्र मिळे. आमच्या दृष्टीने हे मान्यतापत्र म्हणजे त्या इंजिनाची सनदच होय.

या नियमांच्या पोटी ‘मिनी कूपर एस’ जन्मली, आणि ती एक नव्हे, तीन. पहिली १९६३ साली आली. तिचे इंजिन १०७१ सी.सी.चे. बोअर एकदम ७०.६ मिलिमीटर केला, आणि स्ट्रोक ठेवला ६८.२६, म्हणजे मूळच्या ८४८ सी.सी. मिनीचाच. एवढी रुंद नळी जुन्या ठोकळ्यात मावेना, म्हणून सिलिंडरांच्या मध्यांची जागा सरकवून नवा ठोकळा ओतावा लागला. शक्ती ७० अश्वशक्तीवर गेली. पण १०७१ हा आकडा अधांतरी होता. हजारांच्या गटात तो बसत नाही आणि तेराशेंच्या गटात तोकडा पडतो. म्हणून १९६४ साली दोन भावंडे आणखी आली. एकाचा स्ट्रोक घटवून ६१.९ केला, तो ९७० सी.सी., हजारांच्या आत. दुसऱ्याचा वाढवून ८१.३ केला, तो १२७५ सी.सी., तेराशेंच्या आत. बोअर तिघांचाही तोच. हिशेब सोपा आहे : या बोअरला स्ट्रोकचा प्रत्येक मिलिमीटर चार सिलिंडरांत मिळून सुमारे १५.७ सी.सी. देतो. १०७१ चे उत्पादन त्याच वर्षी थांबले. सुमारे ४,००० गाड्या निघाल्या. ९७० तर मागणीप्रमाणेच बनत होती. ती १९६५ साली संपली, आणि तिची एकूण संख्या हजाराच्या आसपासच राहिली. १२७५ मात्र १९७१ पर्यंत चालली.

या तिघांनी काय केले ते थोडक्यात सांगतो. १९६४ सालच्या जानेवारीत पॅडी हॉपकर्क आणि त्यांचे वाटाडे हेन्री लिडन हे रशियाच्या बाजूच्या मिन्स्क गावाहून निघाले आणि ‘३३ ई.जे.बी.’ या क्रमांकाच्या १०७१ सी.सी. गाडीतून मॉन्टे कार्लोची रॅली जिंकून गेले. दुसरा आला बो ल्युंगफेल्ट, फोर्ड फाल्कनमधून. तिचे इंजिन ४.७ लिटरचे, आठ सिलिंडरांचे. तिसरा एरिक कार्लसन, साबमधून. तिचे इंजिन ८४१ सी.सी., दोन फटक्यांचे, तीन सिलिंडरांचे. वेगमोजणीच्या टप्प्यांवर फाल्कनच सर्वांत जलद होती. पण गुणांच्या हिशेबात गाडीचा गट आणि इंजिनाचे आकारमान धरले जाई, आणि त्या हिशेबात मिनी वर आली. याला कोणी लबाडी म्हणू नये. कुस्तीत वजनाचे गट असतात तसेच हे. पण त्यामुळे एक गोष्ट सिद्ध होते : बॉनेटखालचा आकडा ही केवळ तांत्रिक माहिती नव्हती. निकाल त्या आकड्यावर तोलला जात होता. म्हणून जिंकलेल्या गाडीत कोणते इंजिन होते हे विचारणे म्हणजे तो निकाल खरा होता की नाही हे विचारणे होय.

पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, भयंकर बर्फ पडला. निघालेल्या २३७ गाड्यांपैकी अवघ्या ३५ मॉन्टे कार्लोला पोहोचल्या. त्यात टिमो मॅकिनेन आणि पॉल ईस्टर १२७५ घेऊन पहिले आले. ९७० चे नाव रॅलीपेक्षा धावपट्टीवर झाले. वॉरविक बँक्स यांनी १९६४ ची युरोपीय टूरिंग गाड्यांची स्पर्धा तिच्यावर जिंकली.

आणि मग १९६६. मिनी पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या. त्या वर्षी नियम बदलले होते. फारसे फेरफार न केलेल्या, पाच हजारांनी बनलेल्या गाड्यांच्या गटाला झुकते माप होते, आणि मिनी त्या गटात उतरल्या होत्या. एवढीशी गाडी सर्वांच्या पुढे जाते म्हणजे आत काहीतरी काळेबेरे असले पाहिजे, या समजुतीने तपासनिसांनी त्यांची इंजिने उघडली आणि तासन् तास भाग मोजले. इंजिनात काही सापडले नाही. अखेर दोष काढला तो दिव्यांत! पुढच्या मोठ्या दिव्यांत एकाच तारेचे आयोडीन बल्ब होते, आणि प्रकाश खाली करावयाचा तर बाजूचे धुक्याचे दिवे लावावे लागत. हे नियमाला धरून नाही, असे ठरवून तिन्ही मिनी बाद केल्या. पहिला क्रमांक सिट्रोएनमधल्या पाऊली टोइवोनेन यांना दिला. या निर्णयावर इंग्लंडात किती आरडाओरड झाली ते सांगण्याचे हे स्थळ नव्हे. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यातून मिळाले ते निराळेच : त्या तीन इंजिनांची मापे वैऱ्याच्या नजरेने घेतली गेली आणि ती खरी ठरली. एवढी कडक साक्ष फार थोड्या इंजिनांच्या वाट्याला आली असेल. १९६७ साली रौनो आल्टोनेन यांनी पुन्हा १२७५ वर मॉन्टे कार्लो जिंकून त्या प्रकरणावर आपल्या परीने पडदा टाकला.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आज एखाद्या मालकाने बॉनेट उघडून म्हटले, ही अस्सल ‘एस’, तर काय पाहावे?

नवखा माणूस प्रथम कार्बोरेटर पाहतो. ते दोन असले की तो खूश होतो. पण साध्या कूपरलाही एस.यू. जातीचे दोनच कार्बोरेटर होते. तेव्हा त्यावरून फार तर ही ८४८ सी.सी.ची गरीब मिनी नव्हे, एवढे म्हणता येईल, आणि तेही कोणी मागाहून बसविलेले नसतील तरच. नंतर तो इंजिनाचा क्रमांक वाचतो. येथे तर नवख्याची पुरती फजिती होते. १२७५ च्या क्रमांकाचा आरंभ ‘९ एफ - एस ए - वाय’ असा, आणि ९७० चा ‘९ एफ - एस ए - एक्स’ असा. आरंभीचा नऊ पाहून कोणी म्हणेल, हे नऊशेंतले इंजिन. तसे मुळीच नाही. ‘एस ए’ ही ‘एस’ची खूण आणि शेवटचे अक्षर हे भावंडाचे नाव. शिवाय हा सगळा क्रमांक असतो एका लहानशा धातूच्या पट्टीवर, आणि ती पट्टी ठोकळ्याला रिव्हेटांनी बसविलेली असते. रिव्हेट काढायला वेळ तो किती लागतो! खोट्या कागदावर खरा शिक्का उठविण्यासारखाच हा प्रकार. म्हणून जाणकार पट्टी वाचतात, पण तिच्यावर विसंबत नाहीत.

पट्टीपेक्षा अधिक विश्वासाची ती ओतकामाची अक्षरे. लोखंड ओततानाच उठलेले क्रमांक कोणाला उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत. ‘एस’च्या हेडवर ‘ए.ई.जी. १६३’ किंवा ‘१२ जी ९४०’ असे आकडे सापडतात. यातही मेख आहे. ‘१२ जी ९४०’ हे हेड पुढे घरगुती गाड्यांवर सर्रास आले, तेव्हा एकट्या त्या आकड्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याहून चांगली खूण म्हणजे हेड आवळणारी जोडणी मोजणे. साध्या ए-सिरीजचे हेड नऊ ठिकाणी आवळलेले असते. ‘एस’मध्ये दाब जास्त, म्हणून दोन्ही टोकांना एकेक वाढवून ती अकरा केली. हे मोजायला पानाही लागत नाही, डोळे पुरतात.

यानंतरची परीक्षा मात्र हात काळे केल्याशिवाय होत नाही. तिन्ही ‘एस’चा बोअर एकच असल्यामुळे हेड काढून वरून पाहिले तरी तिघे जुळ्यांसारखे दिसतात. १२७५ साठी ठोकळा थोडा उंच ओतला होता, तो सरावलेल्या नजरेला ओळखू येतो. पण ९७० आणि १०७१ हे बाहेरून सारखेच. ठिणगीचा प्लग हेडच्या बाजूने तिरपा बसतो, त्यामुळे त्या भोकातून सळई घालून चाल मोजण्याची युक्ती येथे भरवशाची नाही. खालून पाहावे, तर पोटात गिअरबॉक्स. तेव्हा हेड उतरवून, क्रँक हाताने फिरवून, पिस्टन अगदी वर असताना आणि अगदी खाली असताना किती अंतर पडते ते मोजावे, हाच राजमार्ग. ६२ भरले तर ९७०, ६८ भरले तर १०७१, ८१ भरले तर १२७५. सहा मिलिमीटरांच्या फरकावर गाडीचे नाव, तिचा गट आणि तिची किंमत ठरते. ९७० दुर्मीळ, म्हणून तिचे मोल अधिक. आणि १०७१ च्या ठोकळ्यात योग्य क्रँक, पिस्टन व दांडे घातले की ९७० तयार होते. मग तिला ९७० म्हणावे काय? आकारमानाने होय, जन्माने नव्हे. अशा इंजिनावर मालक ते उघडपणे सांगत असेल तर आमचा काही आक्षेप नाही. न सांगता पट्टी बदलली तर त्याला दुसरे नाव आहे.

एवढ्याने संपले असते तर बरे होते. पण १९६६ पासून बी.एम.सी.ने हाच बोअर आणि हाच स्ट्रोक आपल्या साध्या गाड्यांना देऊ केला. ऑस्टिन १३००, मॉरिस १३००, एम.जी. मिजेट, आणि १९६९ पासून मिनी १२७५ जी.टी., या सर्वांची इंजिने १२७५ सी.सी.चीच. म्हणजे पट्टीने फसविले, आणि मापानेही फसविले! येथे दोन साक्षीदार उपयोगी पडतात. पहिला म्हणजे ठोकळ्याची मागची बाजू. १९६० च्या दशकातल्या ‘एस’च्या ठोकळ्याला टॅपेटांपर्यंत पोहोचण्यासाठी बोल्टने आवळलेली पत्र्याची दोन झाकणे असतात. साध्या १२७५ ला ती बाजू सपाट, सलग भिंतीची. एक्झॉस्टच्या नळ्यांमागे बॅटरी घालून पाहिले की झाले. दुसरा साक्षीदार क्रँक. ‘एस’चा क्रँक नायट्राइड करून कठीण केलेल्या उच्च प्रतीच्या पोलादाचा होता, कारण त्याला दिवसरात्र ताणून पळावयाचे होते. घरगुती गाडीला तो खर्च कोण करणार? पण क्रँक पाहावयाचा म्हणजे इंजिन बाहेर काढून पुरते उकलणे आले, आणि एवढे धाडस विकणारा सहसा करू देत नाही.

शर्यतीत पळालेल्या इंजिनांच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत असते. इंजिन झिजले की ते बोअर करतात हे आपल्याकडच्या कोणाही गॅरेजवाल्याला ठाऊक आहे. १२७५ चा बोअर एक पायरी वाढविला की १२९३ सी.सी. होतात, तरी तेराशेंच्या आतच. त्या काळी स्पर्धेतली कित्येक इंजिने अशी होती. म्हणून मोजणीत १२९३ आले म्हणजे इंजिन खोटे, असे मुळीच समजू नये. उलट ते राबलेले आहे याची ती खूण असू शकते. त्याहून विकट गोष्ट म्हणजे ॲबिंग्डन येथल्या बी.एम.सी.च्या स्पर्धा विभागाची रीत. स्टुअर्ट टर्नर यांच्या कारकिर्दीत या विभागाने मिनीचे हे सारे यश मिळविले. तेथे गाड्या हे हत्यार होते, स्मारक नव्हे. एका रॅलीत ठेचाळलेली गाडी पुढच्या रॅलीत नव्या सांगाड्यासह, नव्या इंजिनासह, जुन्याच नोंदणी क्रमांकाने उतरे. १९७० साली तो विभाग बंद झाला. तेव्हा अमुक क्रमांकाची गाडी अमुक रॅलीत जिंकली हे खरे असले, तरी तोच क्रमांक लावलेली आजची गाडी त्या दिवशी तेथे होती असे निघत नाही. मॉन्टे कार्लो जिंकलेल्या तिन्ही मिनी सुदैवाने इंग्लंडात गेडन येथल्या संग्रहालयात आहेत. बाकीच्यांच्या वंशावळी मात्र बखरीसारख्याच वाचाव्या लागतात, हातचे राखून.

हा सगळा खटाटोप केवळ हौशी लोकांचा राहिलेला नाही. जुन्या गाड्यांच्या रॅली आता रीतसर होतात. मॉन्टे कार्लोची अशी ऐतिहासिक रॅली १९९८ पासून भरते. आंतरराष्ट्रीय संस्था जुन्या स्पर्धा-गाड्यांना तांत्रिक पासपोर्ट देते, आणि तो देताना कसोटी लावली जाते ती १९६० च्या दशकातल्या त्याच मान्यतापत्रांची. साठ वर्षांपूर्वी गट ठरविण्यासाठी भरलेला तक्ता आज वंश ठरवितो आहे.

आपल्या बाजूची एक आठवण येथे जोडणे अस्थानी होणार नाही. १९६८ साली लंडन ते सिडनी अशी प्रचंड रॅली निघाली. २४ नोव्हेंबरला ९८ गाड्या लंडनहून सुटल्या. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि दिल्ली करीत त्यांपैकी ७२ मुंबईला पोहोचल्या, आणि तेथून ‘चुसान’ बोटीवर चढून ऑस्ट्रेलियाला गेल्या. त्यांत चार वर्षांपूर्वीचे मॉन्टे कार्लोचे विजेते पॅडी हॉपकर्क होते. पण या वेळी मिनी नव्हे, तर ऑस्टिन १८०० घेऊन. सिडनीत ते दुसरे आले. पहिले आले हिलमन हंटरमधले अँड्र्यू कोवन. त्या ऑस्टिनच्या बॉनेटखाली बी.एम.सी.चे थोरले घराणे होते : ‘बी-सिरीज’, १७९८ सी.सी. आणि मुंबईच्या रस्त्यावर हॉपकर्कच्या शेजारून जी हिंदुस्थान ॲम्बॅसेडर गेली असेल, तिचे १४८९ सी.सी.चे इंजिनही त्याच घराण्यातले. येथे कोडे नेमके उलटे आहे. मिनीच्या तीन भावंडांत बोअर एक आणि स्ट्रोक निराळे. बी-सिरीजमध्ये स्ट्रोक दोघांचा ८८.९ मिलिमीटर, आणि बोअर मात्र ॲम्बॅसेडरचा ७३, तर ऑस्टिनचा ८०.२६. ऑस्टिनचा क्रँक पाच बेअरिंगांवर फिरे, ॲम्बॅसेडरचा तीनवर. जुनी ॲम्बॅसेडर उकलून बसलेल्या कोणाही फिटरला ती तीन बेअरिंगे तोंडपाठ असतात. त्याच्या पुढ्यात पाच बेअरिंगांचे इंजिन आणून ठेवले, तर पट्टी न वाचताच तो सांगेल की हे आपल्याकडचे नव्हे.